आमचे भाऊजी आणि सायकलच्या मोटारी

आमच्या भाऊजींसमोर एकच वस्तू ठेवली तर ते तिच्याकडे बघतही नसत. मग तो आंबा असो, टेबलफॅन असो, की लग्नपत्रिकेचा नमुना. हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "एकटी वस्तू बोलत नाही गा. जोडीले दुसरी आण." दुसरी आली की मात्र खुलायचे. दोन्ही खिडकीपाशी न्यायचे, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचे, एकदा हिच्याकडे बघायचे, एकदा तिच्याकडे. टेबलफॅन चिमटीत धरता येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. पात्याची कड तरी धरून बघायचेच.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची ही सवय नागपूरच्या गांधीबागेतली. उभी हयात त्यांनी तिथल्या आपल्या ठोक कापडाच्या दुकानात काढली. दोन तागे शेजारी उलगडायचे आणि कोणता धुण्यात आटेल, कोणाचा रंग जाईल, हे नुसत्या चिमटीवरून सांगायचे. सांगितलेलं सहसा खोटं ठरत नसे, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट अशीच कळते अशी त्यांची खात्री झाली होती. ताई मात्र पाहुण्यांसमोर हटकून सांगायची, "मले पाहाले आले तेव्हा दुसरी पाहिलीच नाही यांनी. तेवढी एक खरेदी आंधळी केली." त्यावर भाऊजी चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणत, "तेव्हा मले अक्कल नव्हती." आणि मग दोघंही हसत. हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यातला श्वास कुठे घ्यायचा हेही मला पाठ आहे.

दुकान पुतण्याच्या हवाली करून ते मनीषनगरला राहायला आले आणि डॉक्टरांनी साखरेसाठी सायकल चालवा म्हणून सांगितलं. अर्थात दोन महिने सायकली पाहण्यात गेले. शेवटी जाड टायरची, डोंगरात चालते तशी सायकल घेतली आणि वस्तीतल्या सायकलवाल्या मंडळींमध्ये सामील झाले. त्यात मीही होतो. मी भाऊजी म्हणतो म्हणून सगळेच भाऊजी म्हणू लागले. महिन्याभरात ताईही आली. ती खेड्यात वाढलेली, शाळेला आमच्या वडिलांच्या दांडीवाल्या काळ्या सायकलवर जायची. तिला शिकवायची गरज नव्हती. जुनी सवय मात्र कायम होती: पाय सावकाश, पण दाबून. भाऊजी मंडळींकडून नवं शास्त्र शिकले होते, हलका गिअर टाकायचा आणि पाय भराभर फिरवायचे. दोघांचे पाय निराळे, पण जायची दोघं सोबत.

दर रविवारी बेसा गावाच्या पुढे, प्लॉटांचे ले-आउट संपले की जो कच्चा रस्ता लागतो, तिकडे. तिथे मुरमाची एक टेकडी आहे, वर मारुतीचं लहानसं देऊळ. टेकडी काही फार मोठी नाही, पण शेवटचा चढ छातीवर येतो. ताई आणि भाऊजी तो चढ बोलत बोलत चढायचे. म्हणजे ताई बोलायची आणि भाऊजी "हं" म्हणायचे. आठवडाभराचं सगळं बोलणं ती त्या चढासाठी राखून ठेवायची की काय कोण जाणे. खाली आल्यावर दोन ठेल्यांवरून पोह्याची एकेक प्लेट आणून भाऊजी वरच्या झणझणीत तर्रीची तुलना करायचे. तो निकाल कधीच लागला नाही.

मग ताईच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन झालं, नीट झालं. सहा-आठ महिन्यांनी तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो सायकलचा. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, चालवा, पण बोलता येईल इतकीच. बोलणं तुटलं की थांबायचं. सपाटीवर काही अडलं नाही. चढावर मात्र पहिल्याच रविवारी अर्ध्यात तिचं वाक्य तुटलं. ती उतरली आणि म्हणाली, "तुम्ही जा वर. मी इथी थांबते." भाऊजी गेले नाहीत. दोघं तिथूनच परत आले. पुढचे कितीतरी रविवार ती सायकल काढेना. भाऊजीही काढेनात. कापडाच्या धंद्यात मंदी आली तेव्हासुद्धा मी त्यांना इतकं गप्प पाहिलं नव्हतं.

मोटारीची कल्पना माझी. पण मोटारीची सायकल म्हणजे मोपेडच, असं ताईचं मत. "मले ढकलत नेऊ नका. बसून जायचं असन तर ऑटो आहे ना." तेव्हा भाऊजींनी शोधून काढलं की आता डोंगरी सायकलींना हलक्या मोटारी मिळतात. पेडलच्या दांड्यापाशी बसवलेल्या, मुठीएवढ्या. आपण पाय मारले तरच त्या मदत करतात, तीही बेताची, आणि सायकल उचलून पायरी चढवता येईल इतपत हलकी राहते. हे ऐकल्यावर ताई म्हणाली, "पाहून तर घ्या." भाऊजींना एवढं पुरेसं होतं. पाहून घ्या, हे तर त्यांच्या आयुष्याचं काम.

नागपुरात अशा सायकली बोटावर मोजण्याइतक्या. एका शोरूममध्ये दोन होत्या, चालवून बघण्यासाठी ठेवलेल्या. शोरूमवाल्याच्या वडिलांनी भाऊजींकडून कापड घेतलेलं, त्यामुळे तो नाही म्हणू शकला नाही. तिसरी आमच्या मंडळींतल्या एका दातांच्या डॉक्टरांची. तिन्ही टेकडीच्या पायथ्याशी आणल्या. भाऊजींनी तिन्हींच्या टायरमध्ये सारखी हवा भरली, खिशातून रुमाल काढून तिन्ही मोटारी पुसल्या, आणि हो, चिमटीत धरून पाहिल्या.

ताईच्या डॉक्टरांची बोलण्याची अट त्यांनी स्वतःला लावून घेतली. चढताना मोठ्याने कापडांची नावं म्हणायची. मलमल, केंब्रिक, पॉपलीन, रुबिया, लठ्ठा, मांजरपाट. कुठल्या मोटारीवर किती नावं एका दमात होतात, ते बघायचं. टेकडीवर गाई चारणारे एक म्हातारबुवा पहिल्या खेपेला नुसते बघत राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला विचारलं, "हे काय विकून राहिले?"

तिन्ही मोटारींना त्यांनी नावं ठेवली. पहिली "कुरकुरी", कारण ती चढावर सारखी घूं घूं करायची. दुसरी "मुकी". आवाज मुळीच नाही, पण भाऊजींच्या मते कामही नाही. "ती आहे की नाही, हेच समजत नाही गा." तिसरी दातांच्या डॉक्टरांची, ती "उतावळी". पाय भराभर फिरवले की ही जणू वाटच पाहत असायची, लगेच सायकल पुढे. उतावळीवर भाऊजी मांजरपाटापर्यंत जाऊन पुन्हा मलमलवर आले. उन्हाळा सुरू होईपर्यंत तिन्ही उलटसुलट चालवून झाल्या. निकाल पक्का लागला, उतावळी. आम्ही सगळ्यांनीही चालवून पाहिली आणि माना डोलावल्या. चूक कोणाच्याही ध्यानात आली नाही. आम्ही सगळेच पाय भराभर फिरवणारे.

त्या रविवारी ताई आली. उतावळीवर बसली, सपाटीवर हसली, बोलू लागली. माझ्या मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होती. चढ लागला, आणि ती तिच्या सवयीने पाय सावकाश, दाबून मारू लागली. उतावळीला भराभर फिरणारे पाय हवे होते. तसे पाय मिळेनात, तशी ती मोटार सुस्त पडली. ताई आणखी जोर लावू लागली. आम्हाला मागून एवढंच दिसत होतं की सायकल चढते आहे. मग तिचं बोलणं थांबलं. पुढच्या क्षणी ती उतरून रस्त्याच्या कडेला दगडावर बसली, छातीवर हात, ओठ पांढरे. भाऊजी आपली सायकल तशीच टाकून धावले. मी त्यांना धावताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाणी पाजलं, स्वतःच्या टोपीने वारा घातला. थोड्या वेळाने तिचा श्वास जागेवर आला. बोलायला लागली तेव्हा आवाज बारीक होता, पण वाक्य पूर्ण होतं.

"तुम्ही तुमच्या पायांनी पाह्यलं. माह्या पायांनी कोणी पाह्यलं?"

भाऊजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि तिची सायकल उचलून उताराकडे वळवली. परत येताना वाटेत कुठेतरी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साळेबुवा, चाळीस वर्षं ठोकचा धंदा केला. कापडाले कापड लावून पाह्यलं. नेसणारी कधी समोर नव्हतीच गा." एवढं बोलून ते पुढे निघून गेले. एखादी गोष्ट चुकली असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं ते एवढंच.

पुढे डॉक्टरांना विचारून, पुरती विश्रांती घेऊन ताईने उरलेल्या दोन्ही मोटारी स्वतः चालवल्या. भाऊजी सायकल न घेता तिच्या बाजूने पायी चालत होते, खिशात पाण्याची बाटली. कुरकुरीवर ती मध्येच उतरली. "माह्यापेक्षा हेच जास्त बोलते," म्हणाली. मुकीवर बसली ती थेट देवळापर्यंत गेली, माझ्या मुलीच्या शाळेची अर्धी राहिलेली गोष्ट पूर्ण करत. तिच्या दाबलेल्या पायाला ती मोटार गुपचूप हात देत होती. वर पोहोचून ताई म्हणाली, "हे घ्या. दुसरी दाखवू नका आता." भाऊजींनी दाखवली नाही.

त्यानंतरची पाच वर्षं दोघांची चांगली गेली. मुकी आली, रविवार परत आले. ताईची मोटार कायम सगळ्यात कमी मदतीवर ठेवलेली, आणि भाऊजी त्यांच्या बिनमोटारीच्या सायकलवर तिच्या बाजूला. कोणी त्यांना मोटार सुचवली तर भडकायचे, "मले काय धाड भरली?" नव्या माणसाला मात्र अभिमानाने दाखवायचे, "पाहा, मोटार कशी मापात बसली. ना पुढे ना मागे, बरोबर बाजूनं चालते." काही घ्यायचं असलं की आता पहिला प्रश्न असायचा, "वापरणार कोण?" माझ्या मुलीचं दप्तर घेताना त्यांनी तिला दुकानात पुस्तकं भरून पायऱ्या चढायला लावलं होतं. तो दुकानदार अजून मला बघून हसतो.

एक कोडं तेवढं त्यांना सुटलं नाही. ताईच्या सायकलच्या ब्रेकचे पॅड त्यांच्या सायकलपेक्षा फार लवकर झिजायचे. मग काय, दोन कंपन्यांचे पॅड आणले. एकीचे तिला, दुसरीचे स्वतःला, मग अदलाबदल. अंगणात दोन्ही सायकली उलट्या करून ते बसलेले, ताई ओट्यावर मेथी निवडत होती.

"काहून वं, तू उतारावर ब्रेक दाबूनच राहते का?"

"भेव वाटते ना मले उताराचं," ताई मेथीकडे बघत म्हणाली.

भाऊजींना ते पटलं. ऑपरेशन झालेली बाई, भिणारच. मलाही पटलं. दांडीवाल्या सायकलवरून नाल्याच्या उतारावर हात सोडून जाणारी माझी बहीण मला आठवायला हवी होती, पण आठवली नाही.

मागच्या हिवाळ्यात भाऊजींना ताप आला, तो छातीत उतरला, आणि आठवड्याभरात ते गेले. दवाखान्यात शेवटी शेवटी बोलणं जड झालं होतं. ताई उशाशी बसून बोलायची आणि ते "हं" म्हणायचे. मग तेही थांबलं. मला त्यांची फार आठवण येते. दुकानात एकच वस्तू समोर आली की अजून माझे हात मागे जातात.

होळी झाल्यावर एका शनिवारी ताईचा फोन आला. "उद्या येशीन का गा टेकडीले?" मी गेलो. भाऊजींपेक्षा मी पंधरा वर्षांनी लहान, माझीही सायकल साधीच. सपाटीवर आम्ही बरोबर होतो. चढ लागला आणि ताई बोलत बोलत पुढे गेली. आधी दोन हात, मग एक वळण. मला तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी जीव खाऊन पाय मारले. वर पोहोचलो तेव्हा ती देवळाच्या पारावर बसून माझी वाट बघत होती. श्वास अगदी शांत.

"आज मोटार जास्तीवर ठेवली का?" मी धापा टाकत विचारलं.

"नाही. सगळ्यात कमीवरच आहे. पाह्य."

मी पाहिलं. खरंच कमीवर होती. 

"मग इतकी वर्षं…"

"ते मागे राह्यले असते ना गा," ताई म्हणाली. "पहिल्या वर्षी बरोबर होते. मग हळू झाले. त्यांच्या ध्यानात नाही आलं. माह्ये पाय दाबूनच पडते, म्हणून मी बोट ब्रेकवर ठेवून चढत होती."

"आणि उताराची भीती?"

"उताराले कोण भिते? सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू जा पुढे, मी खाली थांबतो." तिने सायकलच्या ब्रेककडे पाहिलं. "महिनाभर ते पॅड पाहात बसले बिचारे. मले लय वाटे, सांगून द्यावं."

तिने डोळे पुसले, पारावरून उठली, मारुतीला हात जोडले आणि सायकलवर बसली. उतारावर ती माझ्या पुढे होती. ब्रेक तिने फारसा लावला नाही.