अष्टमीची मोजणी

बायकोलाही ठाऊक नाही हे. डोंबिवलीतल्या आमच्या घरी टीव्हीवर गोल्फ दिसलं की मी पाणी प्यायला उठतो — एवढंच ती बघते.

मी सर्व्हेयर. जमिनीचे चढउतार मोजायचे, नकाशा काढून द्यायचा. काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका खाजगी क्लबाच्या गोल्फ कोर्सचं काम ऑफिसकडे आलं. कोर्स आखणारे साहेब बोलायला फार गोड. पेन्सिल फिरवता फिरवता विचारायचे, तुला काय वाटतं? मला! इतक्या वर्षांत कुणी विचारलं होतं?

सातवा होल त्यांचा लाडका, अगदी खाडीला टेकलेला. पण तिथूनच एक अरुंद चर कोळीवाड्यात शिरायचा. मोठ्या भरतीला त्यात पाणी चढायचं आणि त्या पाण्यावर होड्या बाहेर पडायच्या. चार-पाच होड्या. एक माझ्या सख्ख्या मामाची.

साहेब म्हणाले, "इथे पाणी येत असेल तर सातवा हलवावा लागेल, म्हणजे सगळंच पुन्हा आखायचं. बघ मोजून."

बघ मोजून — बस. खोटं मोज असं कुणीही म्हणालं नाही.

तिथीवरून भरती काढायला मला मामानंच शिकवलेलं, लहानपणी, होडीत बसवून. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, पाणी वर चढतच नाही. मोजणीचा दिवस मी ठरवायचा होता. कॅलेंडर काढलं. आणि — अष्टमी धरली.

चर कोरडा होता. कोरडाच असणार, नाही का? नकाशावर लिहिलं, 'जुना नाला, वापरात नाही.' खाली सही केली. आकडा एकही खोटा नव्हता.

भराव पडला, वर हिरवळ आली. होड्या आतच अडकल्या.

पण याहून वाईट ते पुढचं. वस्तीत कुणीतरी मामाला टोचलं — तुझा भाचाच होता ना रं मोजणीला? मामा उसळला, "माझ्या भाच्यानं बरोबर लिवलं व्हतं! सायबानं ते पुसून टाकलं!" मी शेजारीच बसलेलो, हातात चहा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — मान हलवली. हो म्हणून.

मामाची होडी आता दारात विटांवर असते. तरी नारळी पौर्णिमा आली की तो तिला रंग देतो, आणि नारळ रिक्षानं जाऊन पुलावरून सोडतो. रंगाचा डबा धरायला मी जातो. दर वर्षी ठरवून जातो, की आज सांगायचं.

यंदा त्याची रेघ वाकडी जात होती. कडेची पांढरी पट्टी राहिली होती. ब्रश माझ्याकडे देत म्हणाला, "तूच मार रं. तुझी रेघ सरल येते."

मी मारली. सरळ आली.