केळीच्या खोडावरचा अ

माझ्या नातीने आयुष्यात काढलेल्या पहिल्या अक्षरांमुळे केळीचे बावीस कच्चे घड ट्रकमध्ये बसून दिल्लीला गेले. केळी माझी, नात माझी आणि त्या दिवशी घरी राहून गेलेली अक्कल, तीही माझीच.

रमा चार वर्षांची. दापोऱ्याहून व्हॅनने बऱ्हाणपूरच्या शाळेत जाते. तिथल्या मॅडमनी निरोप धाडला, की पोरगी पेन्सिलच धरत नाही; दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव लिहिता आलं नाही, तर आणखी एक वर्ष नर्सरीतच बसवू. सुनेचा चेहरा उतरला. मी तर तीस वर्षं कागद कारखान्यात काढलेला माणूस, आणि माझ्याच नातीला कागद नको! फार लागलं मनाला.

वही उघडली की रमाचे डोळे भरायचे. त्या एवढ्याशा चौकोनात अक्षर मावायचंच नाही. शेवटी बायको म्हणाली, "वही ठेवा बाजूला. तिला मोठं मोठं लिहू द्या ना."

मी रमाला केळीच्या बागेत नेलं, हातात ब्रश दिला आणि वाटीभर गेरू कालवून दिला. पोरीने समोरच्या खोडावर हा एवढा थोरला अ काढला. मग शेजारच्या खोडावर दुसरा. मग र (एक उलटा, दोन सुलटे). अख्खी ओळ रंगवून झाली तरी ती थांबेना. माझा ऊर भरून आला. त्या भरात एक बारीकशी गोष्ट डोक्यातून निसटली.

आमच्याकडे घड तयार झाला, की कापणीच्या आदल्या दिवशी खोडावर गेरूचं निशाण करतात. दुसऱ्या दिवशी मुकादम भगवानची टोळी येते आणि निशाण असलेला घड उतरवते. हा नियम मीच घातलेला. मागे एकदा भगवानने आपल्या मनाने घड कापले, तेव्हा मी चारचौघांत त्याला झापलं होतं, "गेरू दिसला की कापायचं. दिमाग लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी रमा मला तिचे अ दाखवायला ओढत घेऊन गेली. खोडं उभी होती, अक्षरंही होती. घड नव्हते.

"भगवान, हे काय केलं?"

"काका, घड कवळेच दिसत होते. पर गेरू होता ना."

"अरे, तो अ आहे!"

"मले वाटलं, एक नंबर मालाचं नवीन निशाण काढलं तुम्ही." तो शांतपणे म्हणाला, "मी दिमाग नाही लावला."



खरी आफत संध्याकाळी आली. मी ब्रश पुढे केला तर रमाने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मी लिहिलं की कापतात, आबा."

"अगं, ते केळीचं. तू तुझं नाव लिही."

"मग मला कापतील."

घडांचं दुःख तिथेच संपलं. इतके दिवस पोरीला नुसता कंटाळा होता; अक्षरांची भीती मी घातली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी मी सदरा काढला आणि ओट्यावर तिच्याकडे पाठ करून बसलो. "लिही माझ्यावर. बघू कोण कापतं."

बराच वेळ काही झालं नाही. मग पाठीवर गार ब्रश टेकला. एक अ काढून तिने दाराकडे पाहिलं. कोणी आलं नाही. दुसरा काढला. मग र, आणि त्याच्या शेजारी म.

"हलू नका, आबा. काना वाकडा होतो."

गुदगुल्या सोसत मी दगडासारखा बसलो. बायको जवळ येऊन, बोट फिरवत वाचू लागली. "र... मा. रमा. बरोबर लिहिलंय." मला पाठीवरचं दिसत नव्हतं, आणि डोळे भरल्यामुळे पुढचंही दिसेना.

तेवढ्यात भगवान कामाचं विचारायला आला. माझी रंगवलेली पाठ त्याने नीट न्याहाळली आणि रमाला अदबीने विचारलं, "बाई, इथंबी निशाण हाय. कापू का?"

रमाने ब्रश खाली ठेवला, मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "आबा अजून कच्चे आहेत."

मला सहासष्टावं चालू आहे. पण घरातल्या एकानेही हरकत घेतली नाही.