मीनाबाईंच्या नजरेचा धाक

पेठ वडगावच्या अंगणवाडीत मीनाबाईंचा चढलेला आवाज कधी कुणी ऐकला नाही. गरजच नव्हती की! खिचडी वाटताना दंगा झाला, की बाई नुसते डोळे वटारायच्या. तीस पोरं चिडीचूप. आणि त्यांच्याच पोटची मनाली? सहा वर्षांची झाली, तरी आईचे डोळे तिच्या गावीच नाहीत. वटारा, मिचकावा, नाहीतर रडून लाल करा, पोरगी बघणार खिडकीच्या गजाकडं.

२००४ साली कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मनालीला एक चित्र दाखवलं. चित्रातला मुलगा चार खेळण्यांपैकी चेंडूकडं बघत होता. त्याला काय हवंय, असं विचारल्यावर मनालीनं स्वतःच्या आवडीच्या मोटारीवर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, ही स्वमग्नता. समोरच्याची नजर कुठं वळली आणि त्यातून काय समजायचं, ते हिचा मेंदू आपल्यासारखं टिपत नाही. त्यातून डोळ्यांत बघायची सक्ती केली, तर सगळी ताकद तिथंच जाते आणि बाकी काही सुचत नाही. तेव्हा जबरदस्ती नको.

मीनाबाईंचं डोकंच फिरलं. तीस पोरांना नजरेनं गप्प बसवणाऱ्या बाईला हा काय शिकवणार? पोरगी हट्टी हाय, दुसरं काय न्हाय, असं नवऱ्याला बजावून त्यांनी कंबर कसली. जूनमध्ये मनालीला पहिलीत घालायचं होतं, आणि तिथले हेडमास्तर पोराला नाव-गाव विचारून मगच घ्यायचे. मग रोज संध्याकाळी हनुवटी धरायची आणि 'वर बघ'. पोरगी रडायची. बाईही रडायच्या, पण हनुवटी सोडायच्या नाहीत.

जून उजाडला. हेडमास्तरांनी नाव विचारलं, आणि काय सांगावं! मनालीनं मान वर करून थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मीनाबाईंचा ऊर भरून आला. पण पोरगी बघतच राहिली. नाव नाही, गाव नाही, नुसती घामानं डबडबली. तीनदा विचारून झाल्यावर मास्तरांनी वही मिटली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

बाहेर पायरीवर बसून मनाली चपलेच्या पट्ट्याकडं बघत घडाघडा बोलली, "मनाली भाऊसो कांबळे. पेठ वडगाव. आईचं नाव मीना."

मीनाबाई तिच्या शेजारी बसल्या. सवयीनं हात हनुवटीकडं गेला, तो त्यांनी मागं घेतला. स्वतःचाच संताप आला. मग पोरीचा हात धरून त्या परत दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"परत एकदा इचारा सर. चूक माझी हाय, तिची न्हाय. मनाली, खाली बघ."