भाऊजींच्या आठ तारा

ज्याने आयुष्यात कुणाला, कधी, काहीही विचारलं नाही असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असावा, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. हे माझे भाऊजी. वास्तविक नागपूर हे विचारण्याचं शहर आहे. इथे पत्ता विचारला तर माणूस नुसता सांगत नाही, गाडीवर मागे बसून दारापर्यंत पोचवायला येतो आणि वर चहाही पिऊन जातो. पण भाऊजींना ते मंजूर नाही. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा नंदनवनहून प्रताप नगरला आमच्याकडे जेवायला निघाले, तेव्हा जेवणाची वेळ टळून चहाची वेळ झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. अखेर आले ते ताई घामाघूम आणि भाऊजी कोरडे ठणठणीत. "तुह्या घरामागून दोनदा गेलो वं," ताई स्वयंपाकघरात कुरकुरत होती, "म्हटलं, त्या पानठेल्यावाल्याले विचारा. तर म्हणते, मले शहर मालूम आहे." बाहेर भाऊजी शांतपणे पाणी पीत आमच्या ह्यांना सांगत होते, "रस्ता बरोबर होता. तुमची गल्ली चुकीच्या जागी आहे."

नंदनवनात त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सरकारी नोकरीची स्वप्नं पाहणारी कितीतरी मुलं-मुली तिथे खडखडाट करत मोठी झाली. भाऊजी पाठमोरे उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत, "तिसऱ्या मशीनवर करंगळी आळस करून राहिली." पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि मशीनं मुकी झाली. तरी ते रोज शटर उघडत, मशीनं पुसत, त्यांच्यावर कापडी झाकणं घालत आणि दुपारी जेवायला घरी येत. शेवटी जागा सोडावी लागली. कन्हानला त्यांच्या धाकट्या भावाचं सिमेंट आणि रंगाचं दुकान आहे. तो भला माणूस, म्हणाला, "दादा, माह्या गल्ल्यावर येऊन बस." त्याने प्रेमानेच म्हटलं होतं, पण धाकट्याच्या दुकानात थोरल्याने बसायचं हे भाऊजींच्या घशाखाली उतरेना. त्या आठवड्यात त्यांनी दाढी केली नाही, आणि ताई घाबरली.

त्यांच्या कपड्यांबद्दल न बोललेलंच बरं, म्हणून थोडक्यात बोलते. एका पायात हिरवा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून ते लग्नाच्या पंगतीत निवांत मांडी घालून बसत. एकदा शेजाऱ्यांकडे भेटीला गेले, घरात माणूस गेलेला, आणि ह्यांच्या अंगात लालभडक कुर्ता. ताईने दारातच चिमटा काढला, तर म्हणाले, "मातकट तं आहे, चालते." संत्री घेताना ते एकेक फळ नाकाशी नेऊन हुंगत, दाबत, कानाजवळ धरत, आणि संत्रेवाला हात जोडायच्या बेतात आला की हिरवीकच्च फळं पिशवीत भरून ऐटीत घरी येत. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी ताईला मोरपंखी म्हणून जी साडी आणली, ती विटकरी होती. हे सगळं आम्हा बहिणींना हसायला छान होतं. ताई मात्र एकटी असली की हसत नसे. "नवी साडी नेसली तरी ह्या माणसाले कळत नाही," ती एकदा मला म्हणाली. "पाह्यतच नाही माह्याकडे." मलाही तसंच वाटत होतं.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. शाळेत कॉम्प्युटर वाढले, नेट वारंवार बंद पडू लागलं, तेव्हा मोठ्या बाईंनी मला शनिवार-रविवारच्या हार्डवेअर-नेटवर्किंगच्या क्लासला घातलं. ते ऐकून भाऊजींनी दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि कुणाला न विचारता माझ्याच वर्गात नाव घातलं. मशीनच ती, आपल्याच जातकुळीतली, असं त्यांचं म्हणणं. वर्ग संपल्यावर आपल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा पंचा घालायचा त्यांचा प्रयत्न शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी हाणून पाडला. ह्या मॅडम वयाने भाऊजींची पोर शोभाव्यात अशा, पण करारी. कोर्स पूर्ण करून प्रॅक्टिकल पास होणाऱ्यांना एका मोठ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात घेणार होते, आणि त्या विभागातल्या लोकांच्या गळ्यात ओळखपत्राचा निळा पट्टा असतो हे भाऊजींनी कुठेतरी पाहून ठेवलं होतं. "तो पट्टा गळ्यात आला का कन्हानले जातो," ते मला गाडीवर म्हणाले. "गल्ल्यावर बसाले नाही. पेढे घेऊन." 

आता गंमत अशी, की हा धंदा मुळातच विचारण्याचा. फोनवर माणूस म्हणतो, कॉम्प्युटर चालत नाही. मग त्याला विचारायचं, दिवा लागला का, स्क्रीनवर काय दिसतं, वायर बसली आहे का, काल काही नवीन केलं का. मॅडम वर्गात आम्हाला गिऱ्हाईक करायच्या आणि दुसऱ्याला तंत्रज्ञ. मी गिऱ्हाईक झाले आणि म्हटलं, "हॅलो, आमचं नेट बंद आहे." भाऊजी म्हणाले, "मालूम आहे मले. तुमची वायर ढिली आहे. लावा. ठेवतो." आणि त्यांनी खोटा फोन खरोखरच्या ऐटीत खाली ठेवला. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, अहो, विचारा ना तिला काहीतरी!" "कायले विचारू? माणसानं आधी स्वतः समजून घ्यावं," भाऊजी म्हणाले. वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांनी भाऊजींकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

बाकी सगळ्यात ते पुढे होते. कीबोर्डकडे न बघता अशा कमांडी हाणत की खिडक्यांच्या काचा थरथरत. कोणत्या मशीनचा कोणता पत्ता, हे नंदनवनातल्या प्लॉटच्या नंबरांसारखं तोंडपाठ. घोडं अडलं ते केबलवर. नेटवर्कच्या केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात, केशरी, हिरवी, निळी, तपकिरी आणि त्या प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. त्या ठरलेल्या क्रमाने लावायच्या आणि टोकाला प्लास्टिकची पिन चिमट्याने दाबून बसवायची. मग टेस्टर नावाची डबी लावली की दोन्ही टोकांचे दिवे ओळीने लुकलुकले पाहिजेत. सगळ्यांचे लुकलुकायचे. भाऊजींचे एका टोकाला ओळीने आणि दुसऱ्या टोकाला भलतीकडेच उड्या मारत. मधूनच एखादी केबल बरोबर यायची, तेव्हा ते वर्गभर विजयी मुद्रेने बघत, आणि पुढची चार पुन्हा चुकायची. इतक्या नेटक्या हातांचा माणूस, तारा अशा सरळ कापलेल्या की बघत राहावं, आणि क्रम चुकलेला. मॅडमना वाटलं, काका लक्ष देत नाहीत. मला वाटलं, वय झालं. भाऊजींना काय वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसांत गाडीवर ते कन्हानचं नाव काढेनासे झाले.

प्रॅक्टिकल तोंडावर आलं असताना मॅडमनी सहज म्हटलं, "काका, ती हिरवी केबल द्या जरा." खुंटीवर दोन तयार केबली टांगलेल्या. भाऊजींनी मोठ्या झोकात केशरी काढून दिली. मॅडमनी ती परत खुंटीला लावली, दोन्हींच्या जागा बदलल्या आणि पुन्हा हिरवी मागितली. पुन्हा केशरी आली. मग त्या खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, ह्या दोन तुम्हाला सारख्या दिसतात का?"

"सारख्याच आहेत," भाऊजी म्हणाले. "तुम्ही लोकांनी उगाच दोन नावं ठेवली."

आम्ही सगळे थिजलो. ते मात्र थांबेनात, जणू इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडत होतं. "बायकाइच्या साड्याचंच पाहा ना. हे मोरपंखी, हे डाळिंबी, हे अमुक. मले वाटे, हे सारे पाठ करून बोलतात. कोणाले खरं काही दिसत नाही. मीही अंदाजानं नाव घेतो, तुम्हीही घेता." आणि मग आमचे चेहरे पाहून त्यांचा आवाज खाली गेला. "तुम्हाले... खरंच येगयेगळं दिसते?"

माझ्या ओळखीत त्यांनी कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न.  "हो भाऊजी," मी म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ताई आणि मी बरोबर गेलो. तिथे ठिपक्या-ठिपक्यांच्या पानांचं एक पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडे लपलेले. भाऊजींनी पान पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, नुसते ठिपके आहेत, आकडा छापलाच नाही." शेजारून ताई पटकन आकडा बोलून गेली. दुसऱ्या पानाला तसंच. तिसऱ्या पानाला ती जरा हळू बोलली, आणि पुढच्या पानाला नुसती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. हे जन्मापासूनचं आहे, औषध नाही, बाकी नजर उत्तम, असं डॉक्टरांनी समजावलं. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ताईने पदर डोळ्यांना लावला. "मले वाटे, हा माणूस माह्याकडे पाह्यतच नाही," ती मला म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल अशी. भाऊजी चपला शोधत होते. ते वाकलेलेच राहिले आणि म्हणाले, "पाह्यत होतो वं. रोज पाह्यत होतो." चपलांवर एवढा वेळ वाकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण ह्याने तारांचा प्रश्न काही सुटला नाही. पुढचे दोन्ही वर्ग भाऊजी आले नाहीत. भावाचा फोन आला तेव्हा ते "पाहू" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून "पाहू" म्हणजे हार होती. रंगाच्या दुकानात हे! कन्हानच्या अर्ध्या घरांनी काय रूप घेतलं असतं ह्या कल्पनेने मला एरवी हसू फुटलं असतं, पण तेव्हा फुटलं नाही. प्रॅक्टिकलच्या सकाळी मी गाडी घेऊन नंदनवनला गेले, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे. पायात दोन्ही मोजे सारखे होते. ताईने काढून ठेवले असणार.

प्रॅक्टिकलला प्रत्येकापुढे केबल, पिना, चिमटा. लॅबमध्ये बोलायला मनाई. भाऊजींनी केबल सोलली, आठही तारा सरळ केल्या आणि तसेच बसून राहिले. सगळ्यांचे चिमटे कटकट वाजू लागले, ह्यांचा वाजेना. माझी पिन दोनदा वाकडी बसली, कारण माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. मग ते उभे राहिले. पंच्याने तोंड पुसलं आणि भर लॅबमध्ये म्हणाले, "मॅडम, मले रंग दिसत नाही. ह्याच्यातली हिरवी कोणती, केशरी कोणती, कोणी सांगन का?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "काका, दवाखान्यात एकटे जाल कामाला, तेव्हा काय कराल?"

"विचारीन," भाऊजी म्हणाले. "जो भेटन त्याले विचारीन."

"मग विचारा," मॅडम म्हणाल्या. "हात मात्र तुमचेच पाहिजेत."

आणि अख्खी लॅब एकदम बोलू लागली. "काका, डावीकडची!" "अंगठ्याखाली हाय ते!" "नाही गा, त्याच्या बाजूची!" नागपूरची माणसं ती, विचारल्यावर गप्प बसतील होय! भाऊजी एकेक तार उचलून धरत, ऐकत, मान हलवत आणि जागेवर बसवत गेले. मनाई मोडलेली होती आणि मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. टेस्टरचे दिवे दोन्हीकडे ओळीने लागले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी वाजवल्या नाहीत. ते त्या दिव्यांकडे पाहत होते.

आता निळा पट्टा गळ्यात आहे, आणि भाऊजी इतकं विचारतात की सोय नाही. दवाखान्यात वायर उघडली की जवळचा वॉचमन, नर्स, पेशंटला डबा आणणारी बाई, कुणालाही थांबवतात. "ताई, हा रंग कोणता वं?" मग ती बाई रंग सांगते, आणि आपल्या पेशंटचंही सांगते, आणि भाऊजी तेही विचारत राहतात. नेट जरा उशिरा सुरू होतं एवढंच.

फाल्गुनात आम्ही पेढे घेऊन कन्हानला निघालो. आमच्या ह्यांची कार मी चालवत होते, भाऊजी शेजारी, ताई मागे. कामठी ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला पळस असा फुललेला की मी आपोआप "वा!" म्हणाले, ताईही म्हणाली. भाऊजी म्हणाले, "थांबव गाडी." ते उतरून झाडाखाली गेले आणि बराच वेळ वर पाहत उभे राहिले. "लहानपणापासून ह्या रस्त्यानं येऊन राहिलो. सारे 'वा' म्हणत, तं मीही म्हणत होतो. मले काळपट झाड दिसते, त्याच्यावर काहीतरी दिसते. हे काय आहे वं, सांग ना."

ताईने खाली पडलेलं एक फूल उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "केशरी आहे," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की ह्याला काही अर्थ नाही. "म्हणजे असं पाहा, अंधाऱ्या घरात चूल पेटवली म्हणजे कसं बरं वाटते..." ती अडली. आपण रोज ज्याकडे बघतो ते सांगायला शब्दच नाहीत, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि मलाही. एवढ्या वर्षांत ह्या दोघांनी काय काय वेगवेगळं पाहिलं असेल, ह्या विचाराने मला वाईट वाटलं. ती पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडली. "मले नाही वं सांगता येत," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

भाऊजींनी फूल हातात तसंच धरलं होतं. "सांग ना," ते म्हणाले. "मले घाई नाही."