शनिवारी सगळं विकलं गेलं

नागपूरच्या विमानतळावर काउंटरसमोर आमची मोठी बॅग उघडी पडली होती. वजन जास्त भरलं होतं, काहीतरी काढणं भाग होतं. मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, लग्नातला सूट काढला, माझी पुस्तकं काढली. पण पाने, पकडी, टेस्टर भरलेली हत्यारांची पिशवी काही काढेना. शेवटी सासूबाईंनी शिवलेली गोधडी बाहेर आली. मिलिंद ती घेऊन दारापर्यंत परत गेला. काचेपलीकडे त्यांनी ती खांद्यावर टाकली आणि काहीतरी बोलल्या. मिलिंदने येऊन सांगितलं, "आई म्हणते, राहू दे, याल तेव्हा हीच पांघराल."

आम्ही दोन-तीन वर्षांत परतणार होतो. तिकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. इकडे आलेल्या तुमच्यापैकी बहुतेकांनीही तसंच सांगितलं असेल.

मेलबर्नमधलं आमचं पहिलं भाड्याचं घर गॅरेज सेलच्या सामानाने भरलं. शनिवारी सकाळी लोक आपल्याच दारात आपलंच जुनं सामान मांडून बसतात, आणि अनोळखी माणसं येऊन घासाघीस करतात, हे मला विचित्र वाटायचं. आमच्याकडे फार तर बोहारणीला जुने कपडे देऊन एखादं पातेलं घ्यायचे. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "लोकायचं वापरलेलं काहून घेता रे?" मिलिंदला मात्र शनिवारचं वेड लागलं. पुढे टार्निट उपनगरात स्वतःचं घर बांधलं, सोफा नवा आला, तरी तो सेलला जायचाच. बंद पडलेला ड्रिल, कुणाच्या आजोबांचा रंधा, तीन पायांची खुर्ची. सगळं आणायचा, दुरुस्त करायचा, आणि गॅरेजमध्ये ठेवून द्यायचा. आमची गाडी कायम बाहेर, उन्हात.

गेल्या हिवाळ्यात तो कामावरून येताना स्टेशनवर उतरला आणि प्लॅटफॉर्मवरच कोसळला. हृदय बंद पडलं होतं. माणसं आली, जेवणाचे डबे आले, विहारात वंदना झाली. मी सगळ्यांशी नीट बोलले. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जड होतो ना, आपलाच असून आपला नसल्यासारखा, तशी मी अख्खीच झाले होते. रडू यायचं नाही. भूकही लागायची नाही. शिफ्टला मात्र वेळेवर जायचे.

चार बेडरूमचं घर मला आणि आमच्या मुलीला पेलेना. संघमित्रा, आमची मित्रा, यंदा दहावीत आहे. तिच्या शाळेजवळ दोन खोल्यांचं युनिट, म्हणजे छोटा फ्लॅट, मिळालं. तिथे गॅरेज नव्हतं, म्हणून सेल ठेवला.

आणि सेल मला फार छान जमला. इतकी वर्षं मिलिंदच्या मागे उभं राहून मी सगळं बघत आले होते. मोठ्या वस्तू रस्त्यावरून दिसतील अशा पुढे मांडल्या. प्रत्येक गोष्टीवर किमतीचा स्टिकर लावला, कारण विचारायला लोक लाजतात. एक्स्टेंशन कॉर्ड ओढून ठेवली, म्हणजे मशीन चालवून दाखवता येईल. चौकातल्या राउंडअबाउटवर बोर्ड लावला, आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर फोटो टाकले. शेजारची हरप्रीत मदतीला आली. उजाडता उजाडता जुन्या सामानाचे दोन व्यापारी हजर झाले आणि हत्यारांवर तुटून पडले. मी एक पैसा सोडला नाही.

"दीदी, तू तो पक्की दुकानदार निकली," हरप्रीत म्हणाली.

मी हसले. चेहऱ्याला हसता येत होतं.

कपड्यांच्या स्टँडवर मिलिंदचा निळा लोकरी जंपर होता, गॅरेजमध्ये काम करताना घालायचा तो, बाहीवर पांढऱ्या रंगाचा डाग असलेला. एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांनी तो घेतला, गार वारा होता म्हणून तिथेच अंगात घातला, आणि कुत्र्याची दोरी धरून निघाले. मित्रा आतून लिंबाच्या सरबताचा जग घेऊन आली. तिला रस्त्यावर पाठमोरा तो जंपर चालत जाताना दिसला.

जग तिने जमिनीवर ठेवला आणि अनवाणीच पळत सुटली.

मी तिच्यामागे गेले नाही. समोर एक बाई लाकडी कपाटाची मापं विचारत होती. मी मापं सांगितली, सुटे पैसे दिले, थँक यू म्हटलं.

थोड्या वेळाने मित्रा त्या आजोबांना घेऊन परत आली. जंपर आता तिच्या अंगात होता, बाह्या बोटांच्याही खाली. मी पैसे परत करू लागले, तर त्यांनी हात हलवला. "नो वरीज, लव्ह," म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता, हळूच गेले.

"आई, तू बघितलं पण नाहीस?"

"बघितलं होतं. इस्त्री पण केली होती."

"देन हाऊ कुड यू? ते पप्पाचं आहे. यू जस्ट सोल्ड इट!" ती ओरडली. गिऱ्हाइकं थबकली. हरप्रीत कपबशा आवरायचं नाटक करू लागली.

मला काहीतरी आईसारखं बोलायचं होतं. तोंडातून वेगळंच आलं. "मित्रा, मला काही जाणवतच नाहीये गं. तो गेल्यापासून. तुझ्यापासून लपवत होते."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही.  मित्राने नाक पुसलं, शेजारची खुर्ची ओढली, आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "हाय, कॅन आय हेल्प?" दुपारपर्यंत ती तिथून उठली नाही.

सगळं खपलं. तीन पायांची खुर्चीसुद्धा. सामान हलवायचा ट्रक आणि नव्या घराची अनामत त्यातच भागली.

गॅरेज झाडत असताना सासूबाईंचा फोन आला. "सगळं विकलं म्हणते, तं मंग आता घरी येऊन जा ना, बाई."

"आई, मित्राची शाळा इथे आहे."

"हो. शाळा तं आहेच," त्या म्हणाल्या. "पण तू जेवली का?"

मी खरं ते सांगितलं, नाही.  त्यांचाही मुलगा गेलाय, हे त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

आता युनिटमध्ये राहतो. तुम्ही फोनवर विचारता, घर कसं आहे, आवडलं का. काय सांगू. भिंती पांढऱ्या आहेत, हीटर चांगला आहे. अजून मला रडू आलेलं नाही. पण शिफ्ट लांबली की मित्राचा मेसेज येतो: कुठे आहेस, डाळ लावलीय. आणि मी झपझप पावलं टाकत निघते.