निंबामागचा ओला डाग

एप्रिल लागला की आमच्या दारव्ह्यात माणसं ओळखू येईनाशी होतात. डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळलेला, त्यावर काळा गॉगल. सख्खी मावसबहीण गाडीवरून समोरून गेली तरी कळत नाही. सगळं गाव दरोड्याला निघालंय की काय असं वाटतं. त्यात मी जन्माची संशयी. टरबुजाला इंजेक्शन मारलंय का, रसवंतीतला बर्फ कुठल्या पाण्याचा, शेजारचा कूलर भरायला आमच्याच नळाला पाइप लावतो का, सगळ्यावर माझी नजर. आई म्हणायची, "तुले पोलिसात भरती कराले पायजे होतं. झेराक्सचं दुकान कायले टाकून देल्लं काय माहीत!"

दुकान काळीपिवळीच्या स्टँडला लागून आहे. काळीपिवळी म्हणजे यवतमाळकडे सवाऱ्या कोंबून नेणाऱ्या जीपा. दुकानापुढे एक कडूनिंब आणि निंबाखाली आईची पाणपोई. ओल्या निळ्या कापडात गुंडाळलेले दोन रांजण, लांब दांड्याचं ओगराळं, स्टीलचे चार गिलास. वर पाटी: बाबांच्या स्मरणार्थ. खाली बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

बाबा रंगारी होते. काही उन्हाळ्यांमागे एका टिनाच्या गोडाऊनला रंग देताना त्यांना ऊन लागलं. भर मे महिना, टिनावर हात ठेवला तर कातडी निघेल. खाली माणसं होती, माठ होता. बाबांनी पाणी मागितलं नाही. ते अनोळखी दारी कधीच मागायचे नाहीत. आजोबांच्या पिढीत आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण म्हणून गावानं लगेच भांडं पुढे केलं असं नाही. लहानपणी मागितलेलं पाणी कसं मिळतं ते बाबांनी पाहिलं होतं: वरून, ओंजळीत, अंतर राखून. तेव्हापासून त्यांनी मागणंच सोडलं. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि बोलणं भरकटलेलं. कांद्याचा रस तळपायाला चोळला, ओली चादर टाकली, दवाखान्यात नेलं. दिवे लागायच्या आत बाबा गेले.

पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी आईनं रांजण मांडले. पाटीवर आडनाव नको, असं मीच म्हटलं होतं. "लोक आधी थेच वाचतात," मी म्हणाले. आई म्हणाली, "वाचू दे ना. त्याईचं नाव होतं थे."

मग काय, मी काउंटरवर बसून मोजत बसायची. कोण पितो, कोण पाटी वाचून पुढे सरकतो. खरं सांगायचं तर बहुतेक सगळेच प्यायचे. ऊनच असं की पाटीवर डोळा ठरत नाही. पण माझं लक्ष पिणाऱ्यांकडे थोडंच! लग्नाच्या हंगामात एक जरीच्या साडीतली बाई आली होती. पोरगं "पाणी, पाणी" करत होतं. तिनं पाटी वाचली, त्याचा हात ओढला, "आता नको, पोट दुखते" म्हणाली आणि बाजूच्या दुकानातून थंड बाटली घेऊन त्याला पाजली. ती साडी डाळिंबी होती, काठ हिरवा. आजही तशी साडी दिसली की माझं डोकं फिरतं.

तर अशा माझ्या नजरेत तो आला. साठी उलटलेला माणूस, पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. मंगळवारी आणि शुक्रवारी खेड्यावरून येणाऱ्या बसमधून उतरायचा आणि जीप भरेपर्यंत निंबाच्या सावलीत थांबायचा. पहिली शंका मला त्याच्या बाह्यांवरून आली. पारा पंचेचाळीसच्या वर, लोक बनियनवर फिरताहेत आणि या गृहस्थाच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावून. असं कोण करतं?

आई त्याला गिलास काठोकाठ भरून द्यायची. तो दोन्ही हातांनी घ्यायचा, मान लववायचा आणि गिलास घेऊन निंबाच्या मागे जायचा. थोड्या वेळानं परत यायचा, गिलास पालथा घालून ठेवायचा. दुसरा कधी मागायचा नाही. बाकीचे तीन-तीन गिलास रिचवतात, राहिलेलं टोपीवर ओततात. आणि याचे ओठ तर चिरलेले, कोरडेठाक. पाणी पिऊन आलेल्या माणसाचे ओठ असे असतात होय?

एका शुक्रवारी जीप गेल्यावर मी झाडामागे जाऊन पाहिलं. बुंध्याशी भाकरीएवढा ओला डाग होता. त्यावर मुंगळे जमले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा माणूस आमचं पाणी घेतो, झाडामागे जातो आणि टाकून येतो! समोर नाही म्हणायची हिंमत नाही आणि प्यायचं तर अजिबात नाही. त्या डाळिंबी साडीवालीनं निदान तोंड फिरवून दाखवलं होतं.

आणि त्याचं आडनाव मला माहीत होतं बरं का. होळीच्या सुमारास तो माझ्याकडेच झेरॉक्स काढायला आला होता. कागदांचा गठ्ठा होता, वर रेशनकार्ड. मी आडनाव वाचलं. शेतीवाडीवालं घर. आडनाव वाचण्यात मी पटाईत आहे, आयुष्यभर दुसऱ्यांनी माझं वाचलं त्याची परतफेड. मला हवं ते कळलं होतं. बाकीचे कागद मी न बघताच काचेवर टाकत गेले.

आईला मात्र सांगितलं नाही. तिचे गुडघे गेलेले. सकाळी सहाला उठून ती कापडं भिजवते, रांजण घासते, वाळ्याची जुडी टाकते, दिवसभर तिथं स्टुलावर बसते. आणि त्या माणसाचा गिलास तर ती मुद्दाम काठोकाठ भरायची. तिच्या नवऱ्याच्या नावानं दिलेलं पाणी कोणीतरी दर खेपेला मातीत घालतंय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? तिला कळायला नको होतं आणि मला तर सहनही होत नव्हतं. मी नुसती आतल्या आत धुमसत राहिले. पुढच्या मंगळवारी पाहिलं, शुक्रवारी पाहिलं. मुंगळे होतेच.

मेच्या मध्यावर एक मंगळवार असा आला की सकाळी दहालाच रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मशीन तापून बंद पडली होती, लाइन दोनदा गेली होती आणि मीही तापलेलीच होते. तो उतरला. आईनं गिलास भरला. तो झाडामागे गेला. मी काउंटरचं झाकण उचललं आणि मागोमाग गेले.

त्यानं तोंडात पाणी घेतलं, गालात घोळवलं, डोळे मिटून बराच वेळ तसंच धरून ठेवलं आणि मग थुंकला. पुन्हा घोट घेतला, पुन्हा थुंकला.

"काहून काकाजी," मी म्हणाले, "कडू लागते काय आमचं पाणी?"

तो इतका दचकला की गिलासातलं पाणी सदऱ्यावर सांडलं. "नाही ताई. गोड हाये."

"मग थुकून काहून राह्यले? पाटी वाचली म्हणून ना? नाई प्याचं तर नका पिऊ, कोणी बळजबरी केली काय? माझी माय हातानं भरून देते अन् तुम्ही झाडामागं थुकता!"

माझा आवाज लहान नाही. जीपमधल्या सवाऱ्या वाकून पाहू लागल्या. सावलीत बसलेले दोघे-तिघे उठून आले. कोणीतरी म्हणालं, "अरे, असं करते का हा!" ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. मला सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला बरं वाटलं. वाटलं, सापडला एकदाचा.

आधी त्यानं गिलास जपून खाली ठेवला. मग डाव्या हाताच्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर केली. आत नस फुगलेली होती, अंगठ्याएवढी जाड, गाठीगाठींची, आणि तिच्यावर सुया टोचल्याच्या खुणाच खुणा.

"दोन्ही किडन्या गेल्या, ताई," तो म्हणाला. "मंगळवार-शुक्रवार यवतमाळले डायलिसिस हाये. दिवसाले अर्धा लिटर पाणी सांगतलं डाक्टरनं. त्यातच चहा, त्यातच वरन. जास्त पेलो का छातीत भरते. फक्त चूळ भराची परवानगी हाये."

तरीही माझ्या तोंडून निघालंच, "मग झाडामागं कायले जाता?"

"तुमच्या वडिलाच्या नावाची पाटी हाये. तिच्यासमोर कसा थुकू?"

बाही खाली करून तो बटण लावू लागला. बटण काही लागेना. "कागद तर तुमच्याच दुकानात झेराक्स केलते. मले वाटलं, तुमाले माहीत हाये. जिथं जातो तिथं लोक म्हनतात, प्या ना काका, ऊन केवढं हाये, प्या ना. नाही म्हनता म्हनता जीव जाते. इथं कोणी म्हनत नव्हतं. म्हणून इथं थांबत होतो."

तो जीपमध्ये जाऊन बसला. सवाऱ्यांनी सरकून त्याला खिडकीची जागा दिली. जीप निघाली. मी मागे वळले तर आई हातात ओगराळं धरून तशीच उभी होती.

दिवसभरात मी आईला दोनदा पन्हं करून दिलं, तिनं दोन्ही वेळा ते बाजूला ठेवलं. संध्याकाळी शटर ओढताना मीच म्हणाले, "मले काय माहीत होतं आई? तू पाह्यलं असतं तर तुलेबी तसंच वाटलं असतं."

"पाह्यलं होतं," आई म्हणाली.

"काय?"

"थो थुकते थे. पहिल्याच दिवशी पाह्यलं होतं. मलेबी तुह्यासारखंच वाटलं. म्हटलं, पाळते विटाळ."

मी शटर अर्ध्यावरच सोडलं. "अन् तरी दरवेळी काठोकाठ भरून देत होती? कायले?"

तिनं गिलास पुसून एकात एक घातले. "ऊन होतं ना," ती म्हणाली.

मी रडले. चिडूनच रडले, कारण तिच्यावर ओरडायलाही काही उरलं नव्हतं. होळीच्या वेळचे ते कागद डोळ्यांपुढे येत होते. एकेक पान मी माझ्या हातानं काचेवर ठेवलं होतं, उलटवलं होतं. त्यात त्याचा सगळा आजार लिहिलेला असणार. मी आडनावापाशीच थांबले होते.

शुक्रवारी मी साडेनऊपासून रस्त्याकडे बघत होते. बस आली. तो उतरला, पण निंबाकडे आला नाही. रस्त्याच्या पलीकडे बंद पडलेलं टायरचं दुकान आहे, तिथं जाऊन उभा राहिला. तिकडे ना झाड, ना छत. सगळं ऊन थेट अंगावर. त्यानं पिशवी डोक्यावर धरली.

मी रांजणातून गिलास भरला. बरोबर डब्यात बर्फाचे दोन खडे घेतले. बर्फ चघळला की तहान भागते आणि पाणीही कमी जातं, हे मी दोन दिवसांत विचारून घेतलं होतं. रस्ता ओलांडला. पायाखालचं डांबर चपला धरून ठेवत होतं.

"काकाजी, चुकलं माझं," मी म्हणाले. "हे घ्या. अन् तिकडं सावलीत चला."

त्यानं गिलासाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "राहू द्या ताई," तो म्हणाला. "तुमच्या हातचं नको."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकायची वाट बघत होते. त्याला द्यायचं उत्तरही कधीचं तयार होतं माझ्याकडे. ते थेट जिभेवर आलं. मनातला किडा वळवळला: निघालंच ना शेवटी तोंडातून!

"मायले पाठवा," तो हळूच म्हणाला. "त्या काही इचारत नाही."

मी गिलास तसाच परत घेऊन आले. अर्धं पाणी हातावर सांडलं होतं. आईनं काही विचारलं नाही. तिनं गिलास पुन्हा काठोकाठ भरला, बर्फाचा डबा घेतला, पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडला. त्यानं दोन्ही हातांनी गिलास घेतला, मान लववली. तिकडे आडोशाला झाड नव्हतं, म्हणून त्याचं होईपर्यंत आई त्याच्याकडे पाठ करून उन्हात उभी राहिली.