न दिसणारा टाका

टाकेमामांच्या टपरीत कचऱ्याची टोपली नव्हती. चौतीस वर्षं लाकडाच्या वखारीच्या फाटकाशी बसून बूट शिवणारा माणूस, पण टाकायचं म्हणून त्यांच्याकडे काही निघायचंच नाही. तुटलेल्या नाड्या एका डब्यात, झिजलेल्या टाचा दुसऱ्यात, चामड्याचे तुकडे तिसऱ्यात. कुणी चुकून म्हणालं, "मामा, हा फेकतो आता, जीव गेला ह्याचा," की मामांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

"फेकायला काय अक्कल लागते? आण इकडे!"

आणि हात होताच तसा, उगाच कशाला नाही म्हणा. बापाकडून आरी आणि चामडं कापायची रापी घेतली तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. तेव्हापासून एकच ईर्षा, आपला टाका दिसता कामा नये. गिऱ्हाइकानं बूट उलटसुलट करून विचारावं, "मामा, फाटला होता तो हाच का?" मग स्वारी दिवसभर खूश. झाडं तोडणाऱ्या टोळीतला माणूस फाटकातून आत आला की मामा आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग तोंडाकडे. कोण टाच आतून झिजवतो, कोण पाय फरफटतो, कुणाच्या नाड्या बायको बांधून देते, सगळं त्यांना पाठ. शेवटचं ते चारचौघांत बोलूनही दाखवायचे. वाईट खोड, पण होती.

त्याच टोळीत त्यांचा जावई होता. साखळीच्या करवतीवरचा माणूस. करवतीला सगळे नुसतं मशीन म्हणत. मुलगी वखारीतच, आलेल्या ओंडक्यांची मापं घ्यायच्या कामावर. मामांच्या टपरीपासून हाकेच्या अंतरावर.

एका गुरुवारी दुपारी जावईबापू टपरीसमोर आले आणि डाव्या पायातला बूट काढून त्यांनी पाटावर ठेवला. फांद्या छाटताना मशीन उसळलं होतं आणि थेट पायावर आलं होतं. बुटाच्या वरच्या अंगाला, नाड्यांच्या खाली, चार बोटं लांब चीर. आतून पांढऱ्या धाग्यांचा पुंजका बाहेर आलेला. मामांनी आधी बूट नाही बघितला. पाय बघितला. मोजा शाबूत. मोज्यातला पाय शाबूत.

"ओरखडासुद्धा नाही, मामा," जावई हसत म्हणाला. हसत होता, पण ओठ कोरडे पडले होते. "मशीन आपसूक बंद पडलं. नशीब!"

मुलगी मापाची पट्टी हातात घेऊन तशीच धावत आली होती. तिचं एकच म्हणणं, "नवे बूट. आजच. आत्ताच्या आत्ता."

तिघं बुटांच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाई शांत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी तीन जोड मांडले. पहिला नुसता लोखंडी टोपीचा. "ओंडका पडला तर बोटं वाचतील. करवतीपुढं ह्याचा उपयोग नाही." दुसरा रबरी, चिखलाचा. तिसऱ्याच्या जिभेवर छोटं करवतीचं चित्र. "करवतवाल्यानं हाच घ्यायचा. घोटा पक्का धरला पाहिजे, टाच आत हलता कामा नये आणि बोटं पुढं टेकता कामा नयेत. जाड मोजे घालूनच बघा."

जावयानं पाय घातला, दोन पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं. "चवड्याला दाबतोय. आणि खरं सांगू? ज्या बुटानं पाय वाचवला त्याला टाकून द्यायचं मला जिवावर येतंय. तो माझ्या नशिबाचा आहे."

हे ऐकून मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतका वेळ ते नव्या बुटाची कारखान्यातली शिवण नखानं खरवडत बसले होते. "ही शिवण? तीन महिन्यांची पाहुणी! जावईबापू, तुमचा बूट माझ्यावर सोपवा. सोमवारी घालून जा. चीर कुठं होती ते तुम्हालाच सापडणार नाही."

"मामा, एक मिनिट," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "साखळी एकदा लागली की मग त्या बुटात…"

"तुम्ही विकायला बसलाय, बाई. फेका असंच म्हणणार!" मामा उठलेसुद्धा. बाईंचं वाक्य तिथंच राहिलं. मुलीनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि तोंड मिटलं. तिचं तोंड मिटलेलं असलं की घरात सगळे जपून वागत. पण मामांचं त्या दिवशी लक्षच कुठं होतं!

दोन दिवस मामांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. चामड्याखाली त्या पांढऱ्या धाग्यांचा जाड थर होता. लांबच लांब, चिवट. चीर सपाट बसेना म्हणून ते कापायला गेले तर रापी बोथट झाली. "कसलं भूस भरतात हल्ली!" म्हणून शिव्या घालत त्यांनी पुढचा सगळा थर ओढून काढला. त्या जागी दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचा तुकडा बसवला, असा की कुठं फुगवटा नाही, सुरकुती नाही. मग मेणाचा दोरा आणि एकेक टाका. पॉलिश करून बूट उजेडात धरला तेव्हा त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. काढलेले धागे अर्थातच फेकले नाहीत. पॉलिश पुसायला बरे म्हणून डब्यात.

सोमवारी जावई तो बूट घालून डोंगरावर तोडणीला गेला. टोळीत हातोहात फिरला म्हणे बूट.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मुलगी आली आणि तिनं पाटावर एक खोकं ठेवलं. करवतीच्या चित्राचा तो तिसरा जोड.

"मी घेतले," ती म्हणाली. "चवड्याला थोडी जागा करून द्या. घालायला मी लावीन."

मामांना लागलं ते. स्वतःच्या मुलीला बापाच्या हातावर भरवसा नाही! त्यांनी बूट ताणून सैल करायचा लोखंडी साचा शोधायला घेतला आणि राग दाखवायचा म्हणून पॉलिशच्या ब्रशाची मोटर सुरू केली. कुणाचा तरी बूट एका हातात, दुसऱ्या हातात तो पांढऱ्या धाग्यांचा पुंजका. पुसता पुसता पुंजक्याचं टोक ब्रशाला लागलं.

खर्रकन आवाज झाला. पुंजका हातातून हिसकला गेला, ब्रशाच्या दांड्याभोवती गच्च गुंडाळला आणि मोटर जागच्या जागी थांबली. नुसती गुरगुरायला लागली. जळका वास सुटला. मुलीनं बटण बंद केलं.

"बाबा, हात! लागलं का?"

मामांना काही लागलं नव्हतं. ते त्या दांड्याकडे बघत बसले होते. बोटभर धाग्यांनी अख्खी मोटर गळा आवळल्यासारखी थांबवली होती.

"हे तेच असतं ना बुटात?" मुलगी सहज म्हणाली. "काल दुकानात बाई सांगत होत्या. साखळी आत शिरली की धागे तिच्यात गुंततात आणि मशीन अडकतं. म्हणून पाय वाचतो. नशीब वगैरे काही नाही." मग तिचं लक्ष बापाच्या चेहऱ्याकडे गेलं. "काय झालं?"

"मी ते काढलं."

"काय काढलंत?"

"ते सगळं. आतलं. नमदा भरला." मामांनी दांड्यावरचा पुंजका ओढून बघितला, सुटेना. "त्याच्या पायात आत्ता काही नाहीये गं. नुसतं चामडं आहे. माझी शिवण आहे."

ती किंचाळली नाही. तिनं फोन काढला आणि लावत राहिली. वर डोंगरात फोन कधी लागतो, कधी नाही, आणि तोडणीवाल्यांचे फोन जेवणाच्या पिशव्यांत. डिझेलचे डबे घेऊन वखारीची जीप वर निघतच होती. ड्रायव्हरशेजारी एकच जागा.

"मी जाते."

"नाही. मी केलंय, मी जाणार. तू फोन लावत राहा." नव्या बुटांचं खोकं काखोटीला मारून आणि रापी खिशात टाकून मामा जीपमध्ये चढले. साठीच्या पुढचा माणूस, कधी चढले त्यांनाही कळलं नाही. वळणावळणाचा रस्ता संपता संपेना. "जरा हाण की," असं ते ड्रायव्हरला चार वेळा म्हणाले. पाचव्यांदा तो म्हणाला, "मामा, मागं डिझेल आहे," तेव्हा गप्प बसले.

वर पोचले तेव्हा तोडणीच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीपाशीच मुकादमानं त्यांना अडवलं. खाली उतारावर एक भलं मोठं झाड आडवं पडलं होतं आणि जावई त्याच्या खोडाकडेनं फांद्या छाटत खाली चालला होता. पाठ इकडे. कानावर आवाज अडवणारे जाड पट्टे.

"थांबवा त्याला!"

"कसा थांबवू? मागून कुणी गेलं की माणूस दचकतो. मशीन हातात असताना दचकला तर?"

"मग समोरून जा!"

"समोर म्हणजे खोडाच्या खाली. खोड घरंगळलं तर? तिथं कुणी उभं राहत नाही, मामा. टाकी संपत आलीय, तेल भरायला वळेल तेव्हा बघेल. तोवर उभं राहायचं."

मामांनी खाली वाकून दगड उचलला. मुकादमानं त्यांचं मनगट धरलं. "वेड लागलं का?"

तर मग उभं राहायचं. बघा, काय वेळ आली! जन्मभर ज्यानं लोकांचे पाय बघितले त्याला आता एकच पाय बघत उभं राहायचं होतं. डावा. झाडाच्या हिरव्या सालीवर तो बूट लखलखत होता, कारण मामांनी पॉलिश तसं केलं होतं. जावई एक फांदी कापी, डावं पाऊल पुढं टाकी, मशीन त्या पावलाच्या वीतभर अंतरावरून फिरवी. पुन्हा फांदी. पुन्हा डावं पाऊल. मशीनचा आवाज चढला की मामा पुढं सरकत आणि मुकादम त्यांना मागं ओढी. एक फांदी दाबाखाली होती. ती कापल्याबरोबर सपकन वर आली, जावई मागं झुकला, मशीन खाली झुकलं, आणि मामांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा तो पुढच्या फांदीवर होता. मामांनी दोरी घट्ट धरली. देवा, त्यांनी मनात म्हटलं, माझे हात घे, पण त्याचा पाय राहू दे.

मग मशीन खोकलं. दोनदा. आणि बंद पडलं.

एकदम शांतता झाली. जावयानं चेहऱ्यावरची जाळी वर केली, वळला आणि सासऱ्याला बघून त्याचाच चेहरा उतरला.

"मामा? तुम्ही इथं? घरी… हिला काही…"

"ती बरी आहे. बूट काढा."

"काय?"

"बूट काढा म्हणतो ना!" मामा धडपडत खाली पोचले होते.

जावई सुटल्यासारखा हसला. "अहो, एक टाका जागचा हलला नाही. कसला शिवलाय! मी नाही हा…"

मामा खाली बसले. त्याचा पाय त्यांनी आपल्या मांडीवर ओढला, नाड्या सोडल्या आणि बूट खेचून काढला. खिशातली रापी काढून त्यांनी स्वतःच्या शिवणीवर टेकवली आणि एका दमात इकडून तिकडे चिरली. एरवी त्यांचा टाका कुणी उसवला असता तर त्याच्याशी महिनाभर बोलले नसते. आत बोटं घालून त्यांनी नमदा बाहेर ओढला आणि जावयाच्या हातावर ठेवला.

"हे होतं तुमच्या पायावर. दुसरं काही नाही. पाय ज्यानं वाचवला ते मी उपटून फेकलं. मला कळलं नाही. बाई सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

जावई नमद्याकडे बघत राहिला. मग खोडाकडे, कापून झालेल्या फांद्यांकडे. मग त्यानं बूट मामांच्या हातातून घेतला आणि पुढच्या बाजूला अंगठा फिरवला. लोखंडी टोपीच्या जरा मागं, शिवणीपासून दोन बोटांवर, पॉलिशमध्ये एक नवा ओरखडा होता. नखाएवढा. ताजा.

"हा आत्ताचा," तो हळूच म्हणाला. "ती फांदी उसळली तेव्हाचा. मला वाटलं, बूट आहे की."

मुकादम जवळ येऊन उभा होता. मामांनी खोकं उघडलं. नवा बूट जावयाच्या पायात घातला, टाच नीट मागं बसवली, चवड्याला बोटानं दाबून जागा बघितली आणि नाड्या आकड्यांतून ओढून घोट्यापर्यंत आवळल्या. गाठ दोनदा सुटली.

"अहो मामा, तुम्ही काय पाय धरताय माझे! मी बांधतो."

"गप बसा," मामा म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांनी हात सोडला नाही. "दाबतोय?"

"थोडा."

"आज परत मशीन धरू नका. खाली चला, साच्यावर घालून देतो. उद्या नाही दाबणार."

फाटकाशी मुलगी उभी होती. जीपमधून नवरा आपल्या पायांनी उतरताना तिनं बघितलं आणि मग तिला रडू फुटलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं. बऱ्याच वेळानं तिनं बापाच्या हातातला तो चिरलेला बूट घेतला, त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, सोमवारी मी मुद्दाम शोधत होते. तुमची शिवण कुठं दिसतच नव्हती."

"तेच तर झालं," मामा म्हणाले.

नवा जोड साच्यावर चढवून त्यांनी टपरी लवकर बंद केली. जुना बूट काखेत घेतला, तोंड उघडं तसाच, नमदा बाहेर लोंबत असलेला. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, "मामा, हा काय?" मामा थांबून प्रत्येकाला सांगत, "मी बिघडवलेला आहे." चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी असं ऐकलं नव्हतं. लोकांना थट्टा वाटली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामांनी बूट गल्ल्यावर ठेवला, बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर घेतली.

"बाई, त्या दिवशी तुमचं वाक्य अर्धं राहिलं होतं," ते म्हणाले. "आता पूर्ण सांगा. मी ऐकतो."